कारभारी नेमका कोण लागत होता

तारीखबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरे तर त्याहून नाहीत. पण एकदा कानावर पडलेली जन्मतारीख त्यांच्या डोक्यातून हलायची नाही. बाजारात कुणी ओळखीचं हसलं की त्या क्षणभर भांबावत आणि मग एकदम चेहरा उजळून म्हणत, "तुम्ही एकोणीस ऑगस्ट ना? आणि धाकटी दोन डिसेंबर!" समोरच्याला हसावं की घाबरावं तेच कळायचं नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, खिडकी नंबर चारच्या मागे, त्या एकोणतीस वर्षं बसत होत्या. समोर रांग, हातात अर्ज, डावीकडे जन्माचा शिक्का, उजवीकडे मृत्यूचा. माणूस आला की एक ओळ, गेला की दुसरी ओळ. मधलं काही विचारायची सोय नव्हती, कारण मागचा माणूस घसा खाकरत उभा असायचा. त्यांना कधीकधी फार वाटे, विचारावं, की अहो, तुमचे वडील ब्याण्णव वर्षं जगले, एवढ्या दिवसांत केलं तरी काय काय त्यांनी? पण तोंडातून निघायचं एवढंच, "इथे सही करा. पुढचे या."

लग्न राहून गेलं होतं, त्याचं त्यांना काही वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आली आणि दोन खोल्यांचं घर एकदम बोलायला लागलं. भाची दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर परक्यांचे दात घासायची आणि संध्याकाळी टीव्हीसमोर मांडी ठोकून एकच गेम खेळायची. पडद्यावर चिलखत घातलेलं कुणीतरी चिलखत घातलेल्या दुसऱ्या कुणालातरी बदडत असे. मावशी शेजारी मटार सोलत बसायची आणि मधूनच विचारायची, "मेला का गं तो?"

"नाही, मीच मेले."

"बरं बरं," असं म्हणून मावशी पुढची शेंग उचलायची. गेमशी त्यांचा संबंध एवढाच.

मग एका मंगळवारी सकाळी कुरिअरवाल्यानं खिडकी नंबर चारमधून एक पार्सल आत सारलं. दिवसा घरी कुणी नसतं म्हणून भाचीनं कचेरीचा पत्ता दिला होता. पार्सल चांगलं दोन विटांच्या वजनाचं. एका कोपऱ्यात फाटलेलं, आणि फाटक्यातून काळा कापडी पुठ्ठा दिसत होता. तळघरातल्या जुन्या रजिस्टरांचा सांभाळ करणारे दप्तरी नेमके तिथेच उभे होते. त्यांना वाटलं, कुठल्या तरी शाखेतून हरवलेलं रजिस्टर परत आलं. त्यांनी विचारपूस न करता वेष्टन टराटरा फाडलं.

"बाई, हे कुठल्या सालचं?"

पुठ्ठ्यावर चंदेरी खेकडा होता. त्या दिवशी सर्व्हर बसलेला, रांग जागच्या जागी, हाताला काम नाही. तारीखबाईंनी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर मथळा होता, सात खाड्यांच्या राजघराण्यातील जन्म आणि मृत्यू.

आता सुतारापुढे कुणी डुगडुगणारी खुर्ची आणून ठेवावी, तसंच झालं हे. तारीखबाईंचं बोट आपोआप रकान्यांवरून खाली सरकायला लागलं. दहा मिनिटं झाली असतील नसतील, त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"अहो, हे शक्यच नाही!"

खिडकीसमोरचा पहिला माणूस दचकला. "काय शक्य नाही? मी सगळी कागदपत्रं आणलीत!"

"तुमचं नाही हो! हा मुलगा बघा. आई गेल्यावर अकरा महिन्यांनी जन्मलाय!"

"कुणाचा मुलगा?"

"राजाचा!"

रांगेतून माना बाहेर आल्या. कोणता राजा, म्हणून कुजबुज सुरू झाली. शेवटून एकजण ओरडला, "अहो, फॉर्म चुकीचा भरला असेल!" आणि तारीखबाईंना ते अगदी पटलं.

संध्याकाळी भाची घरात पाऊल टाकते न टाकते तोच मावशीनं पुस्तक तिच्यापुढे धरलं. "याच्यावर कुणी देखरेख करतं की नाही?"

"मावशी! तू माझं पुस्तक फोडलंस?"

"दप्तऱ्यांनी फोडलं. ते राहू दे. हा राजपुत्र कुठून आला ते सांग."

भाचीनं चप्पलसुद्धा काढली नव्हती. तिनं तिथेच दारात उभं राहून समजावलं, की गेममध्ये ती नुसती तलवार घेऊन पळत असते. पूल कुणी बांधला, दरवाजा कुणी बंद केला, किनाऱ्यावरची बाई का रडते, हे गेम सांगत नाही. त्याच्या मागची सगळी गोष्ट अशा पुस्तकांतून येते. तीन खंडांतला हा पहिला. दुसरा मागवलाय, तिसरा अजून छापून यायचाय.

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "दोन वर्षं तू माणसं मारत सुटलीयेस आणि ती कोण हे तुला ठाऊकच नाही?"

"तसं म्हटलं तर... हो."

"अगं काय हे!"

"एकशेबारावं पान उघड," भाची हसत म्हणाली. "राण्या दोन होत्या. दुसरीनं पहिलीची पदवी घेतली."

मावशीनं एकशेबारावं पान उघडलं. मग एकशेतेरावं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते दोघींपैकी कुणीच मोजलं नाही, आणि वरणाचा तळ त्या दिवशी पार कोळसा झाला.

पुढचे पंधरा दिवस तारीखबाई जमिनीवर नव्हत्या. त्यांनी आयुष्यात एवढं मोठं पुस्तक हातात धरलं नव्हतं. नियमांची पुस्तिका सोडली तर अख्खं असं एकही वाचलेलं नव्हतं. आणि इथे तर जन्म आणि मृत्यू या दोन ओळींच्या मधलं सगळंच्या सगळं लिहिलेलं होतं! कोण कुणावर रुसला, कुणी कुणासाठी खाडीत भिंत घातली, कुठली राणी खारट पाण्याला कंटाळून डोंगरावर राहायला गेली. वाचता वाचता त्या मोठ्यानं म्हणत, "बघ, मी म्हणत नव्हते!" प्रत्यक्षात त्या काही म्हणालेल्या नसायच्या.

कचेरीतही हेच. एका बापानं मुलीचा दाखला हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि खिडकीत वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, माझी मुलगी सात खाड्यांत नाही जन्मली हो. सरकारी दवाखान्यात जन्मली." तारीखबाईंनी जन्मस्थळाचा रकाना पाहिला, तोंडावर हात ठेवला, आणि त्यांना असं हसू फुटलं की पाणी प्यावं लागलं. बापही हसायला लागला. दाखला नवा करून दिला. पण चुकलेला तो मागून घेऊन गेला, मुलीला मोठेपणी दाखवायला म्हणून. असं देता येत नाही. तारीखबाईंनी त्यावर आडवी रेघ मारून दिला.

डबा खाताना ऐकायला दप्तरी होतेच. तळघरात वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गोष्ट ऐकायची भूक किती असेल, याची कुणाला कल्पना नव्हती. त्यांची मतंही ठाम असत. पुस्तकात कुठे 'इथून पुढची पानं सापडली नाहीत' असं आलं की ते घास हातात धरून म्हणत, "बाई, पानं हरवत नसतात. हरवली जातात. मला विचारा." घरी कपाटाच्या दारावर मावशीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर राजघराण्याची वंशावळ चिकटवली. आठवड्याभरात ती दारावर मावेना, भिंतीवर गेली, भिंतीवरून वळून स्वयंपाकघरात शिरली. साखरेच्या डब्यावर एका सरदाराच्या सासूबाई आल्या.

दुसरा खंड आला आणि सगळं एका शब्दावर अडलं.

गोष्ट अशी होती. राजा आणि राणी लढाईत गेले आणि पाच वर्षांची मुलगी गादीवर बसली. तिच्या वतीनं राज्य बघायला एक कारभारी आला. त्यानं किल्ल्याचे सगळे दरवाजे बंद करून घेतले आणि कुणालाही, कुणालाही त्या मुलीच्या जवळ जाऊ दिलं नाही. हा कारभारी म्हणजे गेमचा शेवटचा शत्रू. त्याला मारलं की गेम संपतो. आणि तो मुलीचा कोण लागत होता, तर त्या इंग्रजी पुस्तकात शब्द होता 'अंकल'. बस्स.

"अंकल म्हणजे कोण?" मावशीनं विचारलं.

"अंकल म्हणजे अंकल."

"अगं, काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळ्यांना अंकलच म्हणतात! असं लिहितात का कुठे? माझ्या खिडकीवर कुणी असा अर्ज आणला असता तर परत पाठवला असता!"

"काय फरक पडतो, मावशी?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "काय फरक पडतो? काका असेल तर गादीवर त्याचा हक्क लागतो. मग त्यानं पोरीला कोंडून ठेवलं. पण मामा असेल तर त्याला गादीशी काय करायचंय? त्याला त्यातलं काहीच मिळायचं नाही. मग त्यानं दरवाजे लावले ते तिला जपायला. आईबाप मारले गेलेली बहिणीची पोर, बाहेर तलवारी घेऊन लोक, तो दुसरं करणार काय?" आणि मग एकदम लक्षात येऊन, "तू किती वेळा मारलंस त्याला?"

भाचीनं बोटं मोजली. "तीनदा."

"तीनदा! मामाला!"

"अजून ठरलंय कुठे, मामा आहे म्हणून?"

"ठरवते," मावशी म्हणाली, आणि चष्मा पुसायला घेतला.

त्यानंतरच्या रविवारी त्या दोघी टीव्हीसमोर बसल्या, पण या वेळी हुकूम मावशीचे होते. दीपस्तंभाकडे ने, तिथे राणीचं माहेर आहे. नाही, त्याला मारू नकोस, वळसा घाल. अगं, पायऱ्यांवर काय कोरलंय ते बघू दे आधी. मग उत्साहाच्या भरात त्यांनी स्वतःच कंट्रोलर हातात घेतला आणि पहिल्या पुलावरून सरळ पाण्यात गेल्या. पुन्हा गेल्या. चौदाव्या वेळी भाची जमिनीवर लोळून हसत होती आणि मावशी डोळे पुसत म्हणत होती, "माझ्या नावावर दोन्ही शिक्के एकदमच मारून ठेवा!"

उत्तर सापडलं ते मात्र कागदातच. दुसऱ्या खंडाच्या शेवटी तीस पानांची बारीक अक्षरांतली एक पुरवणी होती, दीपस्तंभाची रोजनिशी. कोणत्या दिवशी किती दिवे लावले, एवढंच. एक दिवा, एक दिवा, एक दिवा. गेम खेळणाऱ्या कुणीही ती पानं वाचली नसतील. तारीखबाईंनी ती वाचली, कारण त्यांना तसलंच वाचायची सवय होती. बाविसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पहिला खंड ओढला, वंशावळीपाशी गेल्या, परत आल्या, आणि दप्तऱ्यांना फोन लावून फक्त एवढंच म्हणाल्या, "सापडला." पलीकडून दप्तरी ओरडले, "कोण, फाईल?"

तिसरा खंड ज्या रविवारी दुकानात येणार होता, त्या सकाळी पुस्तकवालीनं दुकानाच्या माळ्यावर गेमवेड्यांचा मेळा ठेवला होता. पुस्तकवाली म्हणजे रुंद हसणारी, कानावर पेन्सिल खोचलेली बाई. अकरा वाजता खोका फोडायचा, तोवर एक भाषण. भाषण करणार होता चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर तपासायचा आणि या खेळातला सगळ्यात जाणता समजला जायचा. दोन्ही खंड त्यानं पाच-पाच वेळा वाचले होते. भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला होता, विश्वासघातकी काका.

तारीखबाई भाचीच्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माळ्यावर चाळीसएक माणसं, सगळी त्यांच्या निम्म्या वयाची. चष्मेवाल्यानं दहा मिनिटांत कारभाऱ्याचं माप काढलं. लोभी, कपटी, भावाच्या गादीवर डोळा ठेवून बसलेला. तारीखबाईंचे कान लाल होत गेले. शेवटी त्यांनी हात वर केला.

"भावाच्या म्हणजे?"

"राजाच्या," चष्मेवाला म्हणाला. "कारभारी राजाचा धाकटा भाऊ."

"कुठे नोंद आहे?"

"नोंद अशी... सगळे असंच मानतात, मॅडम."

"मानून चालत नाही हो," तारीखबाई उठल्या. "म्हातारा राजा, म्हणजे मुलीचे आजोबा, पुरात गेले ते एक्केचाळीस साली. पहिला खंड, पान सहा. कारभाऱ्याच्या ढालीवर जन्मतारीख आहे, त्रेचाळीस सालची. दुसरा खंड, चित्र चौथं. बाप जाऊन दोन वर्षांनी मुलगा होत नसतो. माझी एकोणतीस वर्षं झाली या कामात, अजून एकही झालेला नाही."

माळ्यावर खसखस पिकली. चष्मेवाला हसला नाही, पण त्याचे डोळे चमकले. "चुलत काका असेल."

"म्हातारा राजा एकुलता एक. पान नऊ."

"मग आत्याचा नवरा!"

"कारभाऱ्याच्या लग्नाची नोंद कुठेच नाही."

"नोंद नाही म्हणजे लग्न झालंच नाही?"

"माझ्या खिडकीवर तरी नाही!"

आता लोक टाळ्या पिटायला लागले. पुस्तकवाली जिन्यावर येऊन उभी राहिली. भाचीनं पिशवीतून दुसरा खंड काढून मावशीच्या हातात दिला, आणि तारीखबाईंनी रोजनिशी उघडली. दीपस्तंभावर रोज एकच दिवा लागतो, त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांत फक्त दोनदा दोन दिवे लागलेत. एकदा एकोणचाळीस सालच्या तिसऱ्या भरतीला, तिथे तारखा भरती-ओहोटीनंच मोजतात. ती राणीची, मुलीच्या आईची, जन्मतारीख. राणी दीपस्तंभवाल्याची लेक, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणजे घरात मूल झालं की तो दुसरा दिवा लावायचा.

"आणि दुसऱ्यांदा?" चष्मेवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"त्रेचाळीस सालची नववी ओहोटी."

चष्मेवाल्याच्या हातून खडू पडला. ढालीवरची तारीख त्याला तोंडपाठ होती. तो फळ्यापाशी गेला, 'काका' पुसलं, आणि तिथेच जमिनीवर बसला.

"मामा," तो म्हणाला. "अरे, मी सतरा वेळा मारलंय त्याला!"

"मी चाळीस!" मागून कुणीतरी कळवळलं. मग सगळ्यांनी एकदम आपापले आकडे सांगायला सुरुवात केली, कबुलीजबाब द्यावेत तसे, आणि त्या गोंधळात कुणीतरी तारीखबाईंना खुर्चीवर उभं केलं. चष्मेवाला जमिनीवरूनच हसत होता. इतकं खदखदून हसताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. "पाच वेळा वाचलं, मावशी! आणि पाचही वेळा ती तीस पानं ओलांडली!" मॅडमची मावशी कधी झाली, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

अकरा वाजता खोका फुटला. तिसऱ्या खंडाच्या पुठ्ठ्यावर दीपस्तंभ होता, ते बघून सगळे पुन्हा ओरडले. पण पुस्तकात काय लिहिलंय ते तिथे उभं राहून वाचायला जागा नव्हती, आणि प्रत्येकाला आपली प्रत घेऊन एकट्यानं पळायचं होतं. मावशी-भाचीकडे दोघींत एकच प्रत. बस थांब्यापर्यंत भाची मोठ्यानं वाचेल, बसमध्ये मावशी, असं ठरलं. थांब्यावर दोन बस आल्या आणि गेल्या. पहिली साठ पानं खाड्यांतल्या माशांच्या चित्रांचीच होती, पण दोघींना मासेही सुटत नव्हते.

एकसष्टाव्या पानावर भाची वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

भाचीनं पुस्तक पुढे केलं. बोट ठेवलं. आईचा भाऊ, असं स्पष्ट लिहिलं होतं. आईचा धाकटा भाऊ, जो दीपस्तंभ सोडून भाचीसाठी किल्ल्यावर आला.

तारीखबाई किंचाळल्या. थांब्यावरची कबुतरं उडाली. मग पर्स काखेत मारून, साडीचा पदर खोचून, पंचावन्न वर्षांच्या तारीखबाई दुकानाच्या दिशेनं पळत सुटल्या. मागून भाची. रस्ता अर्धा झाला नाही तोच चौकात समोरून चष्मेवाला धावत येताना दिसला, उघडं पुस्तक डोक्यावर धरलेलं, चष्मा एका कानावर.

"मामा!" तो लांबूनच ओरडला.

"मामा! मामा!" तारीखबाई ओरडल्या.

"मामाऽऽ!" भाची ओरडली.

चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसानं, ज्याला सगळे मामाच म्हणत, शिट्टी तोंडातून काढली. तिघंजण दोन्ही बाजूंनी जिवाच्या आकांतानं आपल्याला हाक मारतायत, म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, असं वाटून तो एका हातानं गाड्या थोपवत त्यांच्याकडे धावला.

"काय झालं? कुणाला लागलंय? कुणी मारलं?"

"यानं," धापा टाकत तारीखबाईंनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. "सतरा वेळा."

"कुणाला?"

"मामाला!"

पोलिसानं स्वतःकडे पाहिलं. चष्मेवाला दिव्याच्या खांबाला धरून हसत खाली बसला, भाचीला तर बोलताच येईना, तेव्हा तारीखबाईंनाच सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पूर, ढाल, दोन दिवे, बंद दरवाजे, पाच वर्षांची राणी. चारी बाजूंनी गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. पोलिसानं मागे न बघता एक हात वर करून त्यांना थांबवून ठेवलं. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"आणि तो मामा गेल्यावर त्या पोरीकडे कोण बघतं?" त्यानं विचारलं.

तारीखबाई थबकल्या. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी भाचीच्या हातून पुस्तक ओढून घेतलं, बासष्टावं पान काढलं, आणि चौकात उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागल्या.